गाण्याला पडलेलं भोक

विचुंब्याच्या महादेव भोपीनं बारा वर्षं हळदीच्या मांडवात गाणी वाजवली आणि मग एके दिवशी सगळं सामान भाच्याच्या हवाली करून शाळेची व्हॅन धरली. गावाला याची गंमत वाटायची. उलव्यापासून तळोज्यापर्यंत ज्याच्या स्पीकरांनी खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, तो माणूस आता आठ पोरांना घेऊन पंचविसाच्या वेगानं जायचा. मागून कोणी हॉर्न मारला, तर त्यालाच हात करून पुढे जाऊ द्यायचा.

“म्हादू, तुज्या इंजिनात जीव नाय का रं?” असं नाक्यावर कोणी ना कोणी विचारायचंच.

“जीव मागच्या सीटवर हाय,” महादेव म्हणायचा.

सामान का सोडलं, त्याचं खरं कारण त्यानं फक्त घरात सांगितलं होतं. त्याचा उजवा कान गेला होता. मांडवात मशीनवर उभं राहिलं की भिंतीएवढे स्पीकर कायम त्याच्या उजव्या अंगाला असायचे. आधी कानात नुसती शिट्टी वाजायची आणि हळद झाल्यावर दोन दिवसांनी थांबायची. पुढे चार दिवस घ्यायला लागली. मग एका वर्षी शिट्टी कायमची गेली आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं. बाहेर कोणाच्या लक्षात आलं नाही. मिक्स मारणारे लोक हेडफोन एकाच कानाला लावतात; महादेव डाव्याला लावायचा, एवढंच. व्हॅनमध्ये तर आणखी सोपं होतं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, बोलणारे सगळे त्याच्या डावीकडे. पालकांनी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच्या व्हॅनमध्ये अरुंधती आली. सहा वर्षांची, बारीक, दोन घट्ट वेण्या. नवीन टॉवरच्या अकराव्या मजल्यावर राहायची. वडील जहाजावर नोकरीला. सुट्टी संपवून ते सहा महिन्यांसाठी गेले, म्हणून व्हॅन लावली. आई विनिता तळोज्याच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत होती आणि तिला आठच्या ठोक्याला हजर व्हावं लागायचं.

पहिल्या दिवशी विनितानं महादेवच्या हातात एक कागद दिला. त्यावर रक्तगट होता, तीन फोन नंबर होते, डॉक्टरांचं नाव होतं आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: उजवीकडची खिडकीची सीट, कायम तीच. गाणी थांबवू नका.

“गाणी चालूच असतात, ताई,” महादेव म्हणाला.

“दोन गाण्यांच्या मध्येही नको, भोपीकाका.”

“ते मी कुठं थांबवतो? गाणं संपलं की संपतं.”

“तेच,” विनिता म्हणाली. मग मुलीचा पट्टा तिसऱ्यांदा ओढून पाहत तिनं हळू आवाजात समजावलं. अरूला सगळे आवाज एकसारखे मोठे ऐकू येतात. ट्रकचा हॉर्न आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण, दोन्ही तेवढेच. गाणं चालू असलं की ती त्याला धरून बसते. ते थांबलं की बाकीचं सगळं एकदम अंगावर येतं. “मग ती किंचाळते. मागे एकदा रिक्षातून उतरायला गेली होती. तुमच्या दाराला लहान मुलांचं लॉक आहे ना?”

“हाय. आणि वर कडीपण लावलीय.”

विनितानं कडी स्वतः लावून पाहिली.

व्हॅनमधला प्लेअर जुना होता. त्याच्या पेनड्राइव्हच्या खाचेत दुसरीतल्या एका संशोधकानं पेन्सिलचं टोक घालून मोडलं होतं. रेडिओवर गाण्यापेक्षा जाहिराती जास्त. फोनवरून लावायची सोय नव्हती आणि असती तरी गाडी चालवताना काकांचा फोन बंद, हा पालकांचाच नियम होता. राहिल्या सीडी. महादेवकडे पोरांच्या गाण्यांच्या तीन सीडी होत्या, आणि सीडीवरचं एक गाणं संपलं की दुसरं लागेपर्यंत दोन सेकंद जातात.

एरवी दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. पण विचुंबे, देवद, सुकापूर करत नवीन पनवेल ओलांडून शाळा गाठेपर्यंत अकरा गाणी व्हायची आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी अरू किंचाळायची. कानांवर मुठी, डोळे मिटलेले, पाय समोरच्या सीटवर आपटत. तिच्या पुढे बसणारी मुलगी रडायला लागायची. शुक्रवारी दोन घरांतून निरोप आला की हे असंच राहणार असेल तर आम्ही दुसरी गाडी बघतो.

महादेवनं विनिताला ते सांगितलं. ती म्हणाली, “तीन शाळांनी नाही म्हटल्यावर या शाळेनं घेतलंय तिला. रोज सोडायला मी गेले तर नोकरी गेली. नोकरी ठेवली तर शाळा गेली.” हे तिनं हिशेब मांडावा तसं, न रडता सांगितलं, आणि त्यामुळेच महादेवला ते फार लागलं.

“मला दोन आठवडे द्या,” तो म्हणाला. तेच त्यानं त्या दोन घरांनाही सांगितलं.

शनिवारी पट्टा लावताना अरू अगदी शांत होती. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, “काका, तुमच्या गाण्याला भोक पडतं. त्यातून सगळं आत येतं.”

महादेव जागच्या जागी थबकला. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. हळदीत सगळ्यात जास्त भीती याचीच असायची. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत क्षणभर जरी मोकळं गेलं तरी नाचणारे खुर्च्या शोधतात आणि नवरीचा मामा मशीनपाशी येऊन उभा राहतो. बारा वर्षांत महादेवनं मांडवात असं भोक पडू दिलं नव्हतं. मग या व्हॅनमध्ये का पडू द्यायचं?

घरी येऊन त्यानं माळ्यावरून सीडी रायटर काढला. मुलगी स्नेहल कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा लॅपटॉप मागितला.

“पप्पा, आता सीडी कोण बनवतं?”

“मी.”

“ग्रुपवर टाकू का? लोक बघायला येतील.”

कोऱ्या सीडी पनवेलच्या बाजारात एका स्टेशनरीवाल्याकडे मिळाल्या. काउंटरखालून धूळ झटकत त्यानं पाचचं पाकीट काढलं आणि म्हणाला, शेवटचंच आहे. रायटर प्रत्येक गाण्यामागे आपणहून दोन सेकंद मोकळे सोडतो, हे महादेवला जुन्या दिवसांपासून ठाऊक होतं. त्यामुळे सगळी गाणी लॅपटॉपवर एकाला एक जोडून त्यानं पाऊण तासाचं एकच लांबलचक गाणं केलं. एक उतरत असताना खालून दुसरं चढवायचं, ठेक्यावर ठेका बसवायचा. हात अजून विसरला नव्हता.

सोमवारी ती सीडी लावली आणि सुकापूर येईपर्यंत व्हॅनचा मांडव झाला. पोरं पट्ट्यात अडकल्या जागी नाचत होती. भोक कुठेच नव्हतं, पण महादेवचा हात सवयीनं गेला होता: प्रत्येक गाणं मागच्यापेक्षा थोडं वेगानं. हळदीत तसंच करतात, माणसं दमू नयेत म्हणून. अरू किंचाळली नाही. ती मुठी कानांवर घेऊन सीटच्या कोपऱ्यात घुसून बसली होती. तेही काही बरं नव्हतं.

संध्याकाळी महादेवची आई भीमाबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. भीमाबाई धवलारीण, आगरी लग्नात विधीची गाणी, धवले, म्हणणारी. पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांची लग्नं तिच्या तोंडून लागलेली.

“पोरांना नाचवून आनलंस व्हय शालंत? मास्तरीन तुजी आरती करल.”

“आये, चेष्टा नको. भोक बुजवायचं हाय.”

“मंग ठेका कशाला पकडतंस? आमी धवला बोलताना कवा थांबलो का? गोदूचा सास सरायला आला का मी तिचं शबुद उचलायचं. माजा सरायला आला का ती उचलायची. कोन कवा थांबली, ते नवरीच्या आयलापन कलायचं नाय.” गोदू म्हणजे तिची जन्माची जोडीदारीण, आणि सास म्हणजे श्वास. “ठेक्यावर जोडू नको. सासावर जोड.”

महादेवनं ऐकलं. वेगाची गाणी काढून संथ घेतली. पण लॅपटॉपवर त्याला हवी तशी संथ गाणी मिळेनात, तेव्हा त्यानं जुन्या कॅसेट काढल्या. स्नेहलच्या लहानपणची दोन अंगाईगीतं होती. आणि त्याच्या बहिणीच्या लग्नात त्यानं स्वतः टेप केलेला, भीमाबाई आणि गोदूचा धवला होता. टेप आणि लॅपटॉप वायरीनं जोडून ती तिन्ही गाणी आत घेतली. प्रत्येक जोड त्यानं हेडफोन डाव्या कानाला लावून वीस-वीस वेळा ऐकला. पोरांच्या सीडीतलं बेडकाचं गाणं संपत येताना शेवटच्या सुराखालून आईचा आवाज असा वर यायचा की त्याच्याच अंगावर काटा यायचा. स्नेहलची परीक्षा चालू होती. पुस्तकातून डोकं वर न काढता, न ऐकताच ती म्हणाली, “भारी जमलंय, पप्पा.”

गुरुवारी बेडकाचं गाणं झालं, धवला लागला आणि अरू किंचाळली.

शुक्रवारी बरोबर त्याच जागी. महादेवला वाटलं, बायकांचा उंच सूर तिला सोसत नसेल. मन घट्ट करून त्यानं धवला काढला, शाळा येईपर्यंत न लागणारी शेवटची अंगाई त्या जागी आणली आणि नवी सीडी केली. सोमवारी ती अंगाईला किंचाळली. त्याला काही कळेना. घरी त्यानं ती जागा पुन्हा पुन्हा लावली. भोक नव्हतं. पाच सीडींपैकी तीन संपल्या होत्या आणि शनिवारी दोन आठवडे भरत होते.

मंगळवारी विनितानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. “मी बसते तिच्याबरोबर. मला बघू दे,” म्हणाली. अरूच्या खिडकीच्या सीटवर ती स्वतः बसली आणि अरूला मांडीवर घेतलं. महादेवनं मुद्दाम धवल्याची सीडी लावली. देवदपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग बेडकाचं गाणं उतरलं.

“भोपीकाका, गाणं बंद का केलंत?”

“चालू हाय की.”

“चालू आहे, आंटी,” डावीकडचा एक मुलगा म्हणाला. “म्हाताऱ्या आजींचं आहे.”

अरूच्या मुठी कानांवर गेल्या होत्या. विनितानं तिला छातीशी घट्ट धरलं आणि आधी डावीकडे झुकून ऐकलं, मग पुन्हा उजवीकडे. “तिकडे आहे. इकडे नाही. या स्पीकरमधून काहीच येत नाहीये.”

महादेवनं व्हॅन कडेला घेतली, मागे आला आणि डावा कान उजव्या स्पीकरला लावला. सामसूम. धवला संपून पुढचं गाणं सुरू झालं आणि तोच स्पीकर ठणठणीत वाजायला लागला. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. टेपची वायर जुनी होती; तिची उजवी तार तुटलेली असणार. कॅसेटवरून घेतलेली तिन्ही गाणी फक्त डाव्या बाजूला उतरली होती. उजव्या बाजूला पाच-पाच मिनिटांची शांतता होती आणि ती पोरगी रोज तिच्यात बसत होती. दोन्ही कान शाबूत असलेल्या कोणाही माणसाला हेडफोन लावताच हे कळलं असतं.

स्पीकर सैल झालाय, असं म्हणता आलं असतं. वाक्य तोंडात तयार होतं. विनितानं मानही डोलावली असती.

“ताई, स्पीकर चांगला हाय,” महादेव म्हणाला. “सीडी चुकलीय. मला उजव्या कानानं ऐकू येत नाय. म्हणून समजलं नाय.”

विनितानं विचारलं, “कधीपासून?”

“चार वर्षं झाली.”

“म्हणजे व्हॅन घेतली तेव्हापासून.” तिचा आवाज एकदम बारीक झाला, मागे सात मुलं कान देऊन बसली होती. “आणि उजवीकडून ट्रक आला तर?”

“आरशात बघतो. कानावर भरवसा ठेवतच नाय मी. डाव्यावरपण नाय.”

“हे आधी सांगायला हवं होतंत.”

“व्हय.”

“शाळेला उशीर होईल. चला,” ती म्हणाली. पुढचा रस्ताभर गाणीच वाजत राहिली.  गेटपाशी उतरताना विनितानं बाकीच्या सातही मुलांचे पट्टे स्वतः सोडवले.

दुपारी घरी जेवताना तो पोरं मोजत होता. एक मुलगी जाणार होती. आता आठही जाणार होती. चारच्या सुमारास दारात चपला वाजल्या. विनिता होती, अरूचा हात धरून.

“या, बसा,” भीमाबाई म्हणाली. “पोरीला माज्याकडं द्या. वाल सोलतंस का गो?”

अरू काही न बोलता ओट्यावर बसली. शेंग हातात घेऊन तिनं ती कानाशी दाबून बघितली.

विनितानं पदर सारखा केला, पाण्याचा पेला घेतला आणि तो न पिता खाली ठेवला. “मी आज कामावर गेलेच नाही. घरी जाऊन खूप चिडले. मग विचार केला की तुम्ही स्पीकरवर ढकललं असतंत तर मला आयुष्यात कळलं नसतं.” ती पुढे म्हणाली, “सगळ्या पालकांना हे कळलं पाहिजे, भोपीकाका. तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत, तर मी सांगणार. आणि कानाच्या डॉक्टरांचा कागद हवा.”

“आजच सांगतो,” महादेव म्हणाला. “कागद उद्या आणतो.”

“अरूची शाळा शनिवारच्या पुढे चालायला हवीये मला,” विनिता म्हणाली. “म्हणून ती सीडी काढा.”

हेडफोन एकच होता. तो मधून वाकवून त्यांनी लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या चिकटवल्या. डावी वाटी महादेवच्या डाव्या कानाला, उजवी विनिताच्या उजव्या. भीमाबाईनं आत डोकावून बघितलं.

“दोगांत मिलून येक डोका झाला,” ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

वायरीचं कोडं सोपं निघालं. स्नेहलनं परीक्षेहून येताच दोन मिनिटांत डावीकडचं सगळं उजवीकडेही चढवून दिलं. “हे मला आधी विचारायचं ना, पप्पा,” एवढंच म्हणाली आणि पुस्तक घेऊन बसली. खरं काम जोडांचं होतं. प्रयोगशाळेत काम करणारी विनिता कागद-पेन घेऊन बसली आणि मिनिट-सेकंद लिहायला लागली. इथे कट्ट वाजतंय. इथे झांज एकदम येते, ती अरूला चालणार नाही. इथे एक आवाज गेल्यावर दुसरा फार हळू आहे, थोडा आधी आणा. महादेव तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर गाणी पुढे-मागे सरकवत होता. “सासावर, ताई, सासावर,” तो मधूनच म्हणायचा, आणि तिसऱ्या जोडापासून विनितालाच ते कळायला लागलं. गाणारी श्वास घ्यायच्या आधी ती बोट उचलायची. बाहेर ओट्यावर अरूनं अर्धी टोपली सोलली होती.

त्या संध्याकाळी महादेवनं पालकांना निरोप लिहिला. फार लांब नव्हता. डॉक्टरांचा कागद दुसऱ्या दिवशी टाकला: डावा कान चांगला, गाडी चालवायला हरकत नाही. व्हॅनला त्यानं उजवीकडे आणखी एक मोठा आरसा बसवून घेतला. एका घरानं मुलगा काढून घेतला. त्या घरच्या आजोबांनी रस्त्यात भेटून सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका. महादेव म्हणाला, तुमच्या जागी मीपण काढला असता, आणि ते तो मनापासून म्हणाला. बाकीच्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. काहींनी दोनदा विचारले. पण मुलं राहिली. किंचाळण्याची तक्रार केलेली दोन घरं मात्र शनिवारची वाट बघत होती.

सगळे जोड बसून नवी सीडी शुक्रवारी रात्री तयार झाली. शनिवारी सकाळी विनिता स्कूटरवरून व्हॅनच्या मागे निघाली. शाळेच्या गेटपर्यंत यायचं आणि मग तळोज्याला जायचं, असं तिनं ठरवलं होतं. उशीर झाला तर झाला. महादेवला ती आरशात दिसत होती, हेल्मेटमध्ये ताठ मान, व्हॅनपासून दहा हातांवर.

देवद गेलं. बेडकाचं गाणं उतरणीला लागलं. महादेवनं आतल्या आरशात नजर टाकली. शेवटच्या सुराखालून भीमाबाईचा आवाज वर आला. अरूनं उजवा हात उचलला. तो कानापाशी जातो की काय, असं वाटलं, पण तिनं वेणीतली रिबीन ओढून सोडली आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर एक पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत गेला. तिनं त्याच्याकडे बघितलं, बस्स. भीमाबाईचा श्वास सरायला आला तशी गोदूनं ओळ उचलली. सुकापूर आलं, गेलं. धवला संपून अंगाई कधी लागली, ते पुढे बसणाऱ्या मुलीलाही कळलं नाही. ती अरूला आपल्या डब्यातलं काहीतरी दाखवत होती.

शाळेच्या अलीकडच्या, तळोज्याकडे वळायच्या चौकात सिग्नल लागला. नव्या आरशात विनिताची स्कूटर अगदी जवळ येऊन थांबली होती. ती पुढे वाकून उजव्या खिडकीतून आत बघत होती. अरूचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. सिग्नल हिरवा झाला. महादेवनं गाडी सोडली आणि सवयीनं आरशात पाहिलं. स्कूटरचा वळणाचा दिवा लुकलुकत होता. विनिता तळोज्याच्या रस्त्याला वळली होती.